उणे वीस

सरांनी त्या ओळीभोवती गोल काढला होता तो पेन्सिलने. पेनने नाही. खोडता यावा म्हणून असणार. त्यांचं सगळंच असं, समोरच्याला अडचण नको. सकाळी नऊला मी टेबलाशी आलो, बॅग अजून खांद्यावरच होती, आणि कीबोर्डवर तो कागद ठेवलेला दिसला. वाचायची गरजच नव्हती. आपण लिहिलेला कोड माणूस लांबून ओळखतो, नुसत्या सोडलेल्या जागांवरून ओळखतो. पानभर माझा कोड आणि मधल्या एका ओळीभोवती फिकट, जरा थरथरलेला गोल. शेजारी प्रश्नचिन्ह नाही, शेरा नाही. मी कागद उलटा केला आणि इकडेतिकडे पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. सरांच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा स्वेटर होता, म्हणजे ते येऊन गेले होते आणि मला एकट्याला वाचता यावं म्हणून मुद्दाम बाहेर गेले होते. या माणसाच्या चांगुलपणाचा मला त्या क्षणी इतका राग आला की तो स्वेटर खिडकीबाहेर टाकावासा वाटला. चार वाजता मोठ्या साहेबांकडे बैठक होती. माझ्या हातात सात तास होते.

झालं होतं ते असं. आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर दूधपेढी आहे. बाळंतिणी आपलं जास्तीचं दूध तिथे देतात, ते गोठवून ठेवतात, आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, आईचं दूध न मिळणाऱ्या बाळांना ते नळीने पाजतात. फ्रीझर उणे वीस अंशांवर राहायला हवा. त्याच्या पाठीशी, त्याच विजेवर चालणारा, एक बॉक्स बसवलाय. तो दर मिनिटाला आतलं तापमान चौथ्या मजल्यावरच्या आमच्या सर्व्हरला कळवतो, सर्व्हर ते पडद्यावर दाखवतो आणि काही बिनसलं तर भोंगा वाजवतो. शनिवारी दुपारी बाराला फ्रीझरची वीज गेली. भोंगा वाजला नाही. पडद्यावर उणे वीस पूर्णांक चार होतं आणि तसंच राहिलं. रविवारी संध्याकाळी सातला पेढीच्या सिस्टरांनी दार उघडलं तेव्हा आतून आंबूस वास आला. एकतीस तास. तेव्हाही पडद्यावर उणे वीस पूर्णांक चारच होतं, आणि सिस्टर म्हणे दार उघडं टाकून नुसत्या त्या आकड्याकडे बघत उभ्या राहिल्या.

रविवारी दुपारी जेवताना मीही तो आकडा फोनवर पाहिला होता. मला ती सवय आहे. लोक देवाचा फोटो बघतात तसा मी अधूनमधून माझा पडदा बघतो. बायको शेजारून डोकावली आणि म्हणाली, सकाळीही एवढंच होतं ना रे, हलत कसं नाही? मी म्हणालो, स्थिर आहे म्हणजे चांगलंच की. तिने आमटी वाढली. खरा फ्रीझर कधी स्थिर नसतो, त्याचं यंत्र चालू-बंद होतं तसा आकडा जरा वरखाली होत राहतो, हे मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं आणि तिला दिसलं. मला माहीत होतं आणि मी आमटीभात खाल्ला.

आता ती ओळ. बॉक्स हा क्लायंट, म्हणजे पाठवणारा, आमच्याकडचा तो सर्व्हर, म्हणजे घेणारा, आणि दोघांमध्ये सॉकेटचं कनेक्शन, फोन जोडून ठेवावा तसं. सर्व्हरचा प्रोग्राम सी भाषेत आहे आणि सगळा माझा आहे. समोरून काय आलं हे विचारायला त्यात एक फंक्शन असतं; आलेला मजकूर ते बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या एका राखलेल्या जागेत, ठेवतं आणि उत्तरादाखल एक आकडा देतं. आकडा वीस आला तर वीस अक्षरं आली. उणे एक आला तर काहीतरी बिघडलं, किंवा वाट बघून वेळ संपली. आणि शून्य आला तर समोरच्याने कनेक्शन रीतसर बंद केलं, तो गेला. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे शिकवतात. माझ्या ओळीत लिहिलं होतं की उत्तर शून्यापेक्षा कमी असेल तर भोंगा वाजव. शून्यापेक्षा कमी. खुद्द शून्याचं काय करायचं याबद्दल अवाक्षर नव्हतं. त्यामुळे बॉक्स निघून गेल्यावर माझा सर्व्हर दर मिनिटाला विचारत होता, दर मिनिटाला शून्य ऐकत होता, आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता बफरमध्ये पडून राहिलेलं शेवटचं तापमान नवी वेळ घालून पुन्हा लिहीत होता. एक हजार आठशे साठ वेळा.

सात वर्षं हे का कळलं नाही याचं कारणही साधं आहे. वीज गेली की बॉक्सची छोटी बॅटरी दोन मिनिटं तग धरायची आणि मग बॉक्स तडकाफडकी मरायचा. तो काही न सांगता मेला की सर्व्हर वाट बघून कंटाळायचा, उणे एक यायचं, भोंगा वाजायचा. बॉक्सच्या असभ्यपणावर माझा सर्व्हर पोसला गेला होता. मग गेल्या महिन्यात सिस्टरांनी तक्रार केली की वीज परत आल्यावर पडद्यावर आकडा यायला दहा-दहा मिनिटं लागतात. बॉक्सचं काम सरांकडे होतं; त्यांनी त्याचा प्रोग्राम उघडला, आणि त्यांना दिसलं की हा मरताना कनेक्शन बंदच करत नाही, आणि ते अर्धवट कनेक्शन सर्व्हरच्या गळ्यात तसंच राहतं. त्यांनी चार ओळी घातल्या. बॅटरी संपत आली की बॉक्सने आधी कनेक्शन रीतसर बंद करायचं, मग झोपायचं. जाताना सांगून जावं, एवढंच. बॉक्स एकदा बंद-चालू करून पाहिला तर आकडा लगेच आला, सिस्टर खूश झाल्या. सरांनी मला विचारलं होतं, एकदा दोघं मिळून चाचणी घेऊ या का, वीज घालवून बघू, सर्व्हर नीट घेतो का ते. मी पडद्यावरून मान न वळवता म्हणालो, सर, सर्व्हरची काळजी तुम्ही नका करू, तो मी लिहिलाय.

तो मी लिहिलाय, हे मी गेली सात वर्षं अनेक सुरांत म्हटलंय. हॉस्पिटलातल्या आयाबायांनाही ती गोष्ट पाठ आहे. आमची मुलगी सातव्या महिन्यात झाली, तळहाताएवढी, आणि वीस दिवस काचेच्या पेटीत होती. बायकोला दूध उतरेना. पोरगी या पेढीच्या दुधावर जगली. आणि मी, बाहेरच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन, पेढीसाठी हा सर्व्हर लिहिला. त्याआधी एक माणूस वहीत हाताने तापमान लिहायचा. साहेब पाहुण्यांना हॉस्पिटल दाखवताना पडद्यासमोर थांबतात आणि माझ्या पाठीवर हात ठेवून ही गोष्ट सांगतात. मी खाली बघतो. खाली बघायचंही मी आता चांगलं शिकलोय. गोल काढलेल्या त्या ओळीच्या वर तारीख होती, आणि ती तारीख मला पाठ होती: पोरीचा काचेच्या पेटीतला तिसरा दिवस, ज्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते की आज काही सांगता येत नाही. त्या दिवशी मी शून्य विसरलो. कुणीही विसरला असता. हे मी चार वाजता सगळ्यांसमोर म्हणू शकत होतो आणि लोकांनी मला माफच केलं असतं, बहुधा डोळेही पुसले असते. मला माफी नको होती. मला ती गोष्ट जशीच्या तशी हवी होती.

दुपारी जिन्यात सर भेटले. ते लिफ्ट वापरत नाहीत, चौसष्टाव्या वर्षी चार मजले चढतात आणि प्रत्येक मजल्यावर कठडा धरून काहीतरी वाचत असल्यासारखे थांबतात. मला बघून त्यांनी वरखाली पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली, आणि मग मला अरे म्हटलं. लोकांसमोर ते मला अहो म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना इथे आणलं तेव्हापासून, मी न सांगता. त्यांची शिकवणीची संस्था बंद पडली होती, त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, वारल्या होत्या, आणि फोनवर ते इतकंच म्हणाले होते की मला रोज सकाळी कुठेतरी जायला हवंय रे. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ते मला म्हणाले, 'तुम्ही सांगाल तिथे बसतो.' त्या तुम्हीने मला किती बरं वाटलं हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या माणसाने सत्तर पोरांसमोर माझी शोभा केली होती तो मला तुम्ही म्हणत होता. वर्गात मी माझा पहिला क्लायंट-सर्व्हर दाखवत होतो, मोठ्या ऐटीत, आणि सरांनी शांतपणे मागे जाऊन केबल उपटली. माझ्या पडद्यावर 'कनेक्टेड' हे तसंच चमकत राहिलं. सर म्हणाले, कुणाशी बोलतोयस आता? वर्ग हसला. पुढे आठवडाभर पोरं मला कॉरिडॉरमध्ये गाठून तेच विचारायची. त्यानंतरच्या रविवारी सरांनी मला घरी बोलावून सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत शेजारी बसवलं, प्रत्येक फंक्शनचं उत्तर ऐकून घ्यायला शिकवलं, बाईंनी दोनदा खायला दिलं. लोक मला विचारतात की तुमचे गुरू कोण, तेव्हा मी तो रविवार सांगतो. केबलचं सांगत नाही. पण माझ्या आत राहिली ती केबलच, रविवार कुठे विरून गेला कोण जाणे.

जिन्यात ते म्हणाले, 'अरे, मीच चुकलो. तुझा सर्व्हर वाचायला हवा होता मी. दुसऱ्या कुणाचा असता तर वाचला असता. तू लिहिलायस म्हणून नाही वाचला.'

मी खाली बघितलं. त्यांना तो पश्चात्ताप वाटला असावा, कारण त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाले की चार वाजता मी काही सांगणार नाही, मी सांगितलं तर तुझ्यावर ढकलल्यासारखं दिसेल. तूच सांग, तुझ्या पद्धतीने, पोरीचं आजारपण वगैरे सगळं. मग ते वर गेले. मी खाली उभा राहून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की त्यांनी आपली एकमेव ढाल माझ्या हातात दिलीय. मला हलकं वाटलं. लाज नंतर वाटली, आणि तीही फार नाही.

चार वाजता साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. सिस्टर पहिल्यांदा बोलल्या. त्यांच्याकडे यादी होती. दोनशे चौदा बाटल्या, प्रत्येकीवर आईच्या नावाची चिठ्ठी. त्यांनी सगळी यादी वाचली नाही, एकच सांगितलं: एका बाईचं स्वतःचं बाळ चौथ्या दिवशी गेलं होतं, तरी ती तीन आठवडे रोज येऊन दूध देत होती, तिच्या अकरा बाटल्या होत्या, आणि त्या सिंकमध्ये ओतताना ती नेमकी दारात उभी होती. आता वॉर्डातल्या सहा बाळांना पावडरचं दूध चालू केलंय, त्यातल्या दोघांची पोटं फुगलीत. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, मला तुमचं तांत्रिक काही कळत नाही, साध्या भाषेत सांगा की सात वर्षं चाललेली गोष्ट अचानक बंद कशी पडली. आणि माझ्याकडे पाहिलं. सरांनीही माझ्याकडे पाहिलं, पहिल्या बाकावरचं पोरगं फळ्याकडे जाताना बघावं तसं, जरा पुढे झुकून.

मी म्हणालो की गेल्या महिन्यात बॉक्सच्या प्रोग्राममध्ये एक बदल झाला. त्याआधी वीज गेली की भोंगा वाजायचा. त्यानंतर ही पहिल्यांदाच वीज गेली, आणि वाजला नाही. एवढंच बोलून मी पाणी प्यायलो. यातला शब्द न् शब्द खरा होता. मी आयुष्यात इतकं काटेकोर खरं क्वचितच बोललो असेन. सरांचा चेहरा मी ग्लासच्या कडेवरून पाहिला. त्यांना अजून कळलं नव्हतं. ते वाट बघत होते, मी पुढचं वाक्य बोलीन म्हणून. साहेबांनी विचारलं की बदल कुणी केला, तेव्हा सर म्हणाले की मी केला, पण बदल बरोबर होता. बॉक्स जाताना सांगून गेला, सर्व्हरने ते ऐकून घ्यायला हवं होतं. साहेब म्हणाले, सात वर्षं ऐकत होताच की. सर म्हणाले, नाही, तेव्हा बॉक्स सांगतच नव्हता. सिस्टरांनी साहेबांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्या खोलीत सर खोटं बोलणाऱ्या माणसासारखे दिसत होते. ते हातवारे करायला लागले, शून्य आणि उणे एक समजावायला लागले, मध्येच अडखळले, आणि मग एकदम माझ्याकडे वळले. सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडून तू गेलं.

'तू सांग ना यांना,' ते म्हणाले. 'शून्य म्हणजे काय?'

'शून्य म्हणजे समोरून कनेक्शन बंद केलं गेलं,' मी म्हणालो.

'कुणी बंद केलं?' साहेबांनी विचारलं.

'बॉक्सने.'

'आणि बॉक्सला ते कुणी शिकवलं?'

मी सरांकडे बघत राहिलो, अगदी आदराने, जणू उत्तर द्यायचा त्यांचा मान मला हिरावून घ्यायचा नव्हता. सर माझ्याकडे बघत होते. काय झालं ते आता त्यांना कळलं होतं, आणि मला वाटलं होतं की ते कागदाचं बोलतील, जिन्यातलं बोलतील, आवाज चढवतील. मी त्याचीही उत्तरं तयार ठेवली होती. पण त्यांनी नुसतं टेबलावर हात सपाट ठेवला आणि म्हणाले, 'मी शिकवलं.' साहेब म्हणाले की उद्यापासून यायची गरज नाही. सिस्टर म्हणाल्या, वयस्कर माणसांना अशी नाजूक कामं देऊच नयेत. सरांनी उठून खुर्ची आत सरकवली, आणि जाताना सिस्टरांपाशी थांबून विचारलं की त्या दोन बाळांचं आता कसं आहे. सिस्टरांनी तोंड फिरवलं. मग ते दार अलगद लावून गेले.

घरी बायकोने विचारलं, काय ठरलं? मी म्हणालो, सरांचं चुकलं होतं. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं, रविवारी त्या आकड्याकडे बघितलं होतं तसंच. म्हणाली, ते आपल्या पोरीला बघायला रोज यायचे रे. मी म्हणालो, माहितीय. ती म्हणाली, बाकावर तुझ्याशेजारी बसायचे. मी म्हणालो, माहितीय म्हटलं ना. ती पुन्हा चिरायला लागली. त्या दिवसापासून ती मला काही विचारत नाही, आणि खरं सांगतो, घरात शांतता आहे.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीला बसलो. एका चिन्हाचं काम होतं. शून्यापेक्षा कमी, याच्या जागी शून्य किंवा त्याहून कमी. मी ओळीवर जाऊन बसलो आणि ते चिन्ह टाकलंही. पण आमच्याकडे प्रत्येक बदल नावानिशी, तारखेनिशी नोंदला जातो, आणि साहेबांनी या आठवड्यातल्या सगळ्या बदलांचा अहवाल मागवला होता. बिघाड सरांच्या भागात होता तर तुम्ही सर्व्हरला हात का लावलात, असं कुणीतरी विचारणार. मी चिन्ह खोडलं. ती ओळ होती तशी ठेवली. त्याऐवजी बॉक्सच्या प्रोग्राममधल्या सरांच्या चार ओळी काढून टाकल्या आणि नोंदीत लिहिलं: सदोष बदल मागे घेतला. सर्व्हरचं थोडं थांबून करू, विषय थंडावला की करू, असं मी स्वतःला म्हणालो, आणि म्हणतानाच कळलं की ते कधीच होणार नाही. मग साहेबांसमोर चाचणी घेतली. फ्रीझरची वीज घालवली, दोन मिनिटांनी बॉक्स पूर्वीसारखा तडकाफडकी मेला, आणि अर्ध्या मिनिटात भोंगा असा कोकलला की वॉर्डातून दोन नर्स धावत आल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खाली बघितलं.

तीन दिवसांनी पेढी पुन्हा उघडली. सिस्टरांनी मला मुद्दाम खाली बोलावलं, पहिल्या बाटल्या ठेवताना तुम्ही हवेत म्हणाल्या. त्या खुशीत होत्या. पुढच्या महिन्यात नवीन बॉक्स येणार आहेत असं त्यांनी सांगितलं, बाहेरच्या एका कंपनीचे, फार पक्के म्हणे, बंद होतानासुद्धा सगळं रीतसर सांगून बंद होतात. तुमच्या सर्व्हरला चालतील ना, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, न चालायला काय झालं. तेवढ्यात फोन वाजला. सरांचा होता. मी तो घेतला, कारण सिस्टर समोर उभ्या होत्या आणि त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं होतं.

सर धापा टाकत होते, जणू जिना चढून आलेत. म्हणाले की रागावू नकोस, पुन्हा फोन करणार नाही, माझं जे झालं ते झालं, त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. 'फक्त एवढंच सांग,' ते म्हणाले. 'ती शून्याची तपासणी घातलीस ना?'

सिस्टर बाटल्या एकेक करून आत लावत होत्या, चिठ्ठी दिसेल अशी.

'घातली, सर.'

'चाचणी घेतलीस?'

'घेतली. वाजला भोंगा.'

पलीकडे त्यांनी मोठा श्वास सोडला. 'बरं झालं रे,' ते म्हणाले. 'त्या पोरांच्या काळजीने डोळ्याला डोळा लागत नव्हता माझ्या. आता झोपतो.'